सॅम की कॅम? एका ‘अमरचंद’च्या दोन फर्म

इंटर्नशिपचे अर्ज सुरू झाले की कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून एक चूक हटकून होते. कव्हर लेटरमध्ये नाव असतं सिरिल अमरचंद मंगलदास या लॉ फर्मचं आणि मेल जातो शार्दूल अमरचंद मंगलदास या दुसऱ्याच फर्मला. वाईट वाटतं, कारण मजकूर बहुधा मेहनतीनं लिहिलेला असतो आणि पहिल्याच ओळीत घात होतो. बातम्यांतही नुसतं ‘अमरचंद’ छापलं की कोणती फर्म ते कळायला मार्ग नाही. बोलताना लोक आद्याक्षरांवरून शार्दूलवालीला सॅम आणि सिरिलवालीला कॅम म्हणतात, तिथेही फरक एका अक्षराचाच.

आधी गैरसमज दूर करू. या एकाच फर्मच्या मुंबई आणि दिल्ली शाखा नव्हेत. मे २०१५ पासून त्या दोन स्वतंत्र फर्म आहेत. भागीदार वेगळे, हिशोब वेगळे, अशील वेगळे. सामायिक आहे ते नाव आणि २०१५ पर्यंतचा भूतकाळ.

तो भूतकाळ १९१७ मध्ये मुंबईत सुरू होतो. त्या काळी मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे थेट हायकोर्टात दाखल होणाऱ्या खटल्यांत, कामाची वाटणी पक्की होती. अशिलाचं म्हणणं ऐकणं, कागदपत्रं तयार करणं आणि ब्रीफ, म्हणजे खटल्याची माहिती, कोर्टातल्या वकिलाला देणं हे सॉलिसिटरचं काम. कोर्टात उभं राहून बाजू मांडणं त्या दुसऱ्या वकिलाचं. ही दुहेरी पद्धत १९७७ च्या सुरुवातीला कायद्यानं संपली, तरी मुंबईत सॉलिसिटर फर्म हा शब्द आणि त्यामागची कागदावर घट्ट पकड ठेवण्याची शिस्त टिकून राहिली. पुढे मोठमोठे व्यवहार हाताळताना हीच शिस्त कामी आली, असं मला वाटतं.

फर्मचं जुनं पूर्ण नाव लांबलचक होतं: अमरचंद अँड मंगलदास अँड सुरेश ए. श्रॉफ अँड कंपनी. त्यातला ‘ए’ म्हणजे अमरचंद. सुरेश श्रॉफ हे अमरचंदांचे चिरंजीव. शार्दूल आणि सिरिल हे सुरेश यांचे. शार्दूल यांनी दिल्लीचा कारभार पाहिला, सिरिल यांनी मुंबईचा. फाटाफूट होण्याच्या कितीतरी आधी ती नकाशावर आखली गेली होती, ती अशी.

खरी वाढ झाली १९९१ नंतर. परवाना राज सैल झालं, परदेशी भांडवल येऊ लागलं, १९९२ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला कायद्याचं बळ मिळालं. आता उद्योजकाला खटला लढवणारा वकील पुरेसा नव्हता. करार करण्याआधी समोरच्या कंपनीचे कागद चाळून धोके सांगणारी, शेअर विक्रीचं माहितीपत्रक लिहिणारी, रिझर्व्ह बँकेच्या अटी समजावणारी मोठी टीम हवी होती. मुंबईत शेअर बाजार, सेबी, बँका. दिल्लीत मंत्रालयं, सुप्रीम कोर्ट, पुढे स्पर्धा आयोग. दोघा भावांच्या वाट्याला आलेली दोन शहरं म्हणजे कामाच्या दोन तऱ्हाच होत्या.

आईच्या निधनानंतर दोघा भावांत मृत्युपत्रावरून वाद झाला, तो मुंबई हायकोर्टात पोचला आणि अखेर समझोत्यानं मिटला. घरच्या दुःखाविषयी बाहेरच्यानं जास्त बोलू नये. त्या समझोत्यातली एक गोष्ट मात्र समजून घेण्यासारखी आहे. कार्यालयं वाटता आली, माणसं वाटता आली, ‘अमरचंद मंगलदास’ हे नाव मात्र दोघांकडेही राहिलं.

नावासाठी एवढा आग्रह का? भारतात वकिलाला जाहिरात करता येत नाही. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत तशी स्पष्ट मनाई आहे. २००८ मध्ये सवलत मिळाली तीही वेबसाइटवर ठरावीक माहिती देण्यापुरती. साबणाच्या कंपनीचं नाव बदललं तर ती होर्डिंग लावेल. लॉ फर्म काय करणार? शंभर वर्षं तोंडोतोंडी पोचलेलं नाव हीच तिची सगळी पुंजी. ती सोडायला कोण तयार होईल?

मग वेगळेपण कशात? मुख्यालयात तर आहेच. सॅमचं मूळ ठाणं दिल्लीत ओखल्याच्या अमरचंद टॉवर्समध्ये, कॅमचं मुंबईत लोअर परळला, गणपतराव कदम मार्गावर, जिथे पूर्वी गिरण्यांचे भोंगे वाजायचे. पण पत्त्यावर फार विसंबू नका, कारण फुटीनंतर दोघींनीही एकमेकींच्या शहरात बस्तान बसवलं. नरिमन पॉइंटच्या एक्स्प्रेस टॉवर्समध्ये दिसते ती सॅम. सिंगापूरला कार्यालय थाटलेली कॅम. दोन्हींची गणना आज देशातल्या सर्वांत मोठ्या फर्ममध्ये होते.

कामाचा कल मला दोन समित्यांमधून चांगला दिसतो. स्पर्धा कायद्याची पायाभरणी करणाऱ्या राघवन समितीत पल्लवी श्रॉफ होत्या, त्या सॅमच्या. कंपन्यांच्या कारभाराचे नियम सुचवणाऱ्या २०१७ च्या कोटक समितीत सिरिल श्रॉफ होते. यावरून सॅम म्हणजे फक्त स्पर्धा कायदा आणि कॅम म्हणजे फक्त भांडवल बाजार असं कुणी समजू नये. दोन्हीकडे दोन्ही कामं चालतात, दिवाळखोरीची प्रकरणंही.

सर्वांत महत्त्वाचा फरक हितसंबंधांचा. एकाच फर्मला व्यवहाराच्या दोन्ही बाजू धरता येत नाहीत. या दोन फर्म एकमेकींच्या समोर उभ्या राहू शकतात. म्हणून सॅमला सांगितलेली गोष्ट कॅमला ठाऊक असेल असं धरून चालू नका आणि एकीचा सल्ला दुसरीच्या नावावर खपवू नका. २०१५ पूर्वीच्या कागदावर नुसतं ‘अमरचंद’ असेल तर तेव्हाचा भागीदार कोण आणि तो पुढे कुठे गेला, हे आधी पाहावं.

चटकन ओळखायचं असेल तर ईमेलचा पत्ता बघा. सॅमच्या पत्त्यात शार्दूल यांच्या नावाआधी जुन्या फर्मची आद्याक्षरं आहेत, एएमएस. कॅमच्या पत्त्यात थेट सिरिल श्रॉफ. आयपीओचं, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअर विक्रीचं, माहितीपत्रक हाती आलं तर कायदेशीर सल्लागारांचं पान उघडा. कंपनीच्या बाजूला एक अमरचंद आणि विक्री सांभाळणाऱ्या बँकर्सच्या बाजूला दुसरं असं दिसलं, तर ती छपाईची चूक नव्हे.