डोमिसाईल निघालं म्हणजे नागरिकत्व मिळालं का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपुरात सेतू केंद्रापुढे डोमिसाईलची रांग लागते. हातात टीसी, वीजबिल, आधारची झेरॉक्स. जो कागद मिळतो त्याचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’. घोळ या नावातच आहे. ‘राष्ट्रीयत्व’ आणि ‘अधिवास’ हे दोन्ही शब्द एका शिक्क्याखाली आले, म्हणून पुष्कळांना वाटतं की या दाखल्यानं आपण भारतीय ठरलो. पण नागरिकत्व हा केंद्राचा विषय, ते १९५५ च्या कायद्यानं मिळतं किंवा जातं. अधिवासासाठी राज्य मुख्यतः एवढंच बघतं, की माणूस महाराष्ट्रात १५ वर्षं राहिला का.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं उदाहरण घ्या. तिथला पोरगा घरी मराठीच बोलतो, बाजारहाटाला नागपूर गाठतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या आदल्या दिवसापर्यंत दोन्ही गावं एकाच राज्यात होती आणि राजधानी नागपूर होती. मग विदर्भ मुंबई राज्यात आला, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. कोणाचं नागरिकत्व तसूभरही हललं नाही. तरी आज इथल्या एमबीबीएसच्या राज्य कोट्यात त्याला जागा नाही. गंमत म्हणजे सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्येच, प्रदीप जैन खटल्यात, सांगून ठेवलंय की भारतात अधिवास एकच, तो देशाचा; राज्याचा म्हणतात तो नुसता रहिवास. दाखल्यावरचा शब्द मात्र तसाच.

उलटी बाजू हिवाळ्यात दिसते, तिबेटी स्वेटरवाल्यांच्या दुकानांत. आपल्या विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला, त्यांची जुनी वसाहत आहे. समजा, एका घरात दोन भावंडं. दोघं इथेच जन्मली, आईवडील दोघंही निर्वासित. बहीण १९८५ ची, भाऊ १९९० चा. बहीण कायद्यानं जन्मतःच भारतीय. भाऊ नाही, कारण १ जुलै १९८७ पासून नुसता इथला जन्म पुरत नाही, आईबापांपैकी एक तरी भारतीय लागतो. राहणं सारखंच, चूलही एकच. भावाला मात्र परदेशी म्हणून नोंदणीचा कागद सांभाळावा लागतो.

आशियात हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. जपानमधल्या कोरियन लोकांचं जपानी नागरिकत्व १९५२ मध्ये गेलं. त्यांची नातवंडं तिथेच जन्मली, वाढली, पण ज्यांनी नागरिकत्व घेतलं नाही त्यांना संसदेच्या निवडणुकीत मत नाही. चीनमध्ये नागरिक सगळेच, पण ‘हुकोऊ’ ही कुटुंबाची सरकारी नोंद गावाकडची असली, तर शहरात राबणाऱ्या मजुराच्या लेकरांना तिथल्या सरकारी शाळेसाठी खेटे घालावे लागतात. म्हणजे आपल्या डोमिसाईलचा थोरला भाऊच म्हणा ना!

आणि रांगेत प्रत्येकाच्या हातात असतं ते आधार? आधार कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ते नुसतं दाखवून नागरिकत्वही सिद्ध होत नाही, अधिवासही नाही.