वाटण्यांचं विद्यापीठ : एलआयटी वेगळी होण्यामागची शंभर वर्षं

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने २०२३ मध्ये शंभरी गाठली. जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन अमरावती रोडच्या परिसरात झालं, मांडव पडले, देशभरातले शास्त्रज्ञ येऊन गेले. आणि त्याच वर्षी विद्यापीठाची सगळ्यात नावाजलेली स्वतःची संस्था, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था म्हणजे आपली एलआयटी, स्वतंत्र विद्यापीठ होऊन बाहेर पडली. शहरात हळहळ व्यक्त झाली, तशी आनंदाचीही पत्रं छापून आली. पण नागपूर विद्यापीठातून काहीतरी वेगळं निघण्याची ही पहिली वेळ नव्हती. या विद्यापीठाचा इतिहास एकत्र कुटुंबाच्या वाटण्यांसारखा वाचता येतो, आणि प्रत्येक वाटणीचं कारण वेगळं आहे.

विद्यापीठ यायच्या आधी इथली कॉलेजं दूरच्या मालकांची होती. १८८३ मध्ये निघालेलं हिस्लॉप आणि १८८५ चं मॉरिस, दोन्ही आधी कलकत्त्याला जोडलेली. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर ती अलाहाबादकडे गेली. नागपुरात शिकायचं, पदवी मात्र गंगेकाठच्या विद्यापीठाची. १९२१ च्या कायद्याने अलाहाबादला निवासी, अध्यापन करणारं विद्यापीठ बनवायचं ठरलं आणि लांबच्या संलग्न कॉलेजांची तिथे अडचण होऊ लागली. मध्य प्रांत-वऱ्हाडाला स्वतःचं विद्यापीठ हवं ही मागणी होतीच, तिला आता कारणही मिळालं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ सुरू झालं तेव्हा सहा कॉलेजं होती आणि ९२७ विद्यार्थी. पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस, नागपुरात वकिलीत नाव काढलेले बंगाली गृहस्थ.

९२७ विद्यार्थी म्हणजे आजच्या एखाद्या बऱ्यापैकी कॉलेजची एका शाखेची पटसंख्या. पण प्रदेश केवढा! जबलपूरपासून बुलढाण्यापर्यंत, पलीकडे रायपूर-बिलासपूर. एवढ्या पसाऱ्याला एकच विद्यापीठ, तेव्हा त्याचं मुख्य काम ठरून गेलं: अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवायचं कॉलेजांनी. ही घडण पुढे मोडली नाही. आजही इथला विद्यार्थी वर्ष सांगताना ‘उन्हाळी’ की ‘हिवाळी’ ते आधी सांगतो, कारण विद्यापीठाशी त्याचा संबंध परीक्षेपुरता.

विद्यापीठाने स्वतः शिकवावं यासाठी पैसा आला तो सरकारी तिजोरीतून नव्हे, कामठीहून. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी त्यांनी नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाखांची ठेव मृत्युपत्रात दिली. त्या काळचे ३५ लाख! संस्था उभी राहायला मात्र १९४२ साल उजाडलं. रासायनिक अभियांत्रिकी, तेल, रंग, अन्न तंत्रज्ञान असे विषय इथे शिकवले गेले आणि एलआयटीचा पदवीधर म्हटलं की कारखान्यांची दारं उघडत. २०२३ ला ती वेगळी झाली तेव्हा मूळ देणगी विद्यापीठाला होती, ही आठवण काही माजी विद्यार्थ्यांना बोचली. दुसऱ्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक खरेदीसाठी, प्रत्येक पदासाठी विद्यापीठाच्या टेबलांवरून फाईल फिरवायची तर प्रयोगशाळा कधी सुधारायची? मला दुसरं म्हणणं अधिक पटतं. पण पहिलंही खोडून काढण्यासारखं नाही.

पहिली मोठी वाटणी झाली ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. नागपूरचे कुलगुरू राहिलेले सर हरिसिंग गौर यांनी १९४६ मध्ये आपल्या गावी सागर विद्यापीठ काढलं आणि हिंदी भागातली कॉलेजं तिकडे वळली. त्याच सुमारास इंग्रजी सोडून मराठी-हिंदी माध्यमाची वाट धरणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या विद्यापीठांत नागपूर होतं. डॉ. रघुवीर यांचं पारिभाषिक कोशांचं कामही याच काळात नागपुरात चाललं. पुढे १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली, आणि विद्यापीठ विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचं उरलं.

गंमत अशी, की विद्यापीठातलं सगळ्यात चांगलं विद्याकार्य या आकसण्याच्या काळातच झालं. मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे वा. वि. मिराशी यांनी कलचुरी राजघराण्याचे शिलालेख आणि ताम्रपट वाचून त्यांचा दोन भागांचा ग्रंथ १९५५ मध्ये दिला, विदर्भात राज्य केलेल्या वाकाटकांचा १९६३ मध्ये. वाकाटकांवर काम करणाऱ्याला आजही त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. त्यांच्यामागून प्राचीन इतिहास विभागात शां. भा. देव आले आणि विभाग वर्गातून उठून शेतात गेला. पवनार १९६७, टाकळघाट-खापा १९६८-६९, पवनीचे स्तूप, मग माहुरझरी. काटोल रोडवरच्या माहुरझरीत जमिनीवर गोल मांडलेले दगड दिसतात. खाली उतरल्यावर लोखंडाची हत्यारं निघाली, आणि घोड्याचे सांगाडे, तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यांसकट. विदर्भात लोहयुगातली माणसं मेलेल्या माणसाबरोबर घोडाही पुरत होती हे आपल्याला कळलं ते असल्या उत्खननांतून.

टाकळघाटाची एक जुनी गोष्टही आहे. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप, मिशनरी आणि हौशी नव्हे तर चांगले भूवैज्ञानिक, ४ सप्टेंबर १८६३ रोजी याच टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. शंभर वर्षांनी विद्यापीठाने तिथेच कुदळ मारली. तेव्हा ना बढतीसाठी मोजायचे एपीआयचे गुण होते, ना शोधनिबंधांची मोजदाद. कायम नोकरी होती, थोडा निधी होता आणि वर्षानुवर्षं एकाच जागी जायची मुभा होती.

नंतरच्या वाटण्या विषयांच्या. १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ झालं, नागपूरचं कृषी महाविद्यालय तिकडे गेलं. पशुवैद्यक महाविद्यालय आधी अकोल्याच्या हाताखाली, मग २००० मध्ये नागपुरातच स्थापन झालेल्या माफसूकडे, म्हणजे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे. वैद्यकीय महाविद्यालयं १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडली गेली. १९६० चं विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ मध्ये अभिमत विद्यापीठ, म्हणजे व्हीएनआयटी झालं. जिल्ह्यांच्या वाटण्याही चालूच. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ निघून वऱ्हाड गेला, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ होऊन चंद्रपूर-गडचिरोली गेले. आता उरले नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. एकच गोष्ट फुटली नाही, ती प्राध्यापकांची संघटना. अमरावती वेगळं झाल्यावरही ‘नुटा’ दोन्ही विद्यापीठांची राहिली, नावात नागपूर ठेवून. तिचे नेते प्रा. बी. टी. देशमुख अमरावतीचे पदवीधर आमदार होते.

दरम्यान दुसऱ्या बाजूने कॉलेजं फुगत होती. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाला परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी नागपुरात यशवंतराव चव्हाण, रामदेवबाबा, केडीके अशी अभियांत्रिकी कॉलेजं उभी राहिली. परीक्षेचा गाडा जड झाला. १९९९ मधलं बनावट गुणपत्रिकांचं प्रकरण गावाला ठाऊक आहे. उत्तरपत्रिकांच्या ढिगावर बसलेल्या यंत्रणेत काय होऊ शकतं ते तेव्हा दिसलं.

प्राध्यापकाचं कामही बदललं. १९९१ पासून नेट ही पात्रता परीक्षा सक्तीची झाली, २००९ मध्ये पीएचडीला कोर्सवर्क, २०१० मध्ये बढतीसाठी एपीआय. गुणांसाठी निबंध हवेत, मग निबंध छापणारी दुकानं निघाली. मे २०१८ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य नियतकालिकांच्या आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं एकदम काढून टाकली. पुढे ‘केअर’ यादी आणली, २०२५ मध्ये तीही थांबवली. ज्याची नोकरी पक्की तो हे सहन करतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवणाऱ्याला माहुरझरीसारखं काम करायला एक हंगामही मोकळा मिळत नाही. जून उजाडला की पुन्हा मुलाखत.

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने आणि नव्या शैक्षणिक धोरणाने वाटणीची रीत बदलली आहे. आधी जिल्हे गेले, मग शाखा गेल्या. आता एकेक कॉलेज सुटतं आहे. स्वायत्त कॉलेज स्वतः पेपर काढतं, स्वतः निकाल लावतं. रामदेवबाबा तर विद्यापीठच झालं, एलआयटी झालीच आहे. ज्यांच्याकडे जागा, पैसा आणि प्रवेशाला रांग आहे ती अशी निघतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं परीक्षा शुल्कही जातं. मागे राहतात ती बहुतेक तालुक्याची कला-वाणिज्य कॉलेजं, चार जिल्ह्यांत विखुरलेली. त्यांच्या उन्हाळी-हिवाळी परीक्षा घेण्याचं १९२३ चं काम विद्यापीठाकडे तसंच आहे.