अंब्रेला कॉर्पोरेशनची लाल-पांढरी छत्री: एका खलचिन्हाची पार्श्वभूमी

व्हिडिओ गेममधल्या खलनायकाचं चिन्ह म्हटलं की आधी कवटी आठवते. नव्वदच्या दशकात मुंबईच्या पार्लरांमध्ये नाणं टाकून 'स्ट्रीट फायटर टू' खेळलेल्या पिढीने ती त्यातल्या खलनायकाच्या, एम. बायसनच्या टोपीवर पाहिली आहे, पंखांसकट. कवटीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही; गल्लीतल्या विजेच्या डीपीवरही तीच रंगवलेली असते. 'रेसिडेंट ईव्हिल' या भयकथेच्या गेममधली खलनायक कंपनी म्हणजे अंब्रेला कॉर्पोरेशन; तिचं चिन्ह या जातीचं नाही. एक अष्टकोन, त्यात आठ त्रिकोण, एकाआड एक लाल आणि पांढरे. उघडी छत्री वरून पाहिल्यासारखी. बघून कुणी दचकणार नाही, आणि म्हणूनच खलनायकांच्या चिन्हांमध्ये मी ते सर्वांत वर ठेवतो.

कॅपकॉम या जपानी कंपनीचा हा गेम २२ मार्च १९९६ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशनवर आला. दिग्दर्शक शिंजी मिकामी. तिथे त्याचं नाव 'बायोहॅझर्ड'. अमेरिकेत त्या नावाची नोंदणी अवघड म्हणून 'रेसिडेंट ईव्हिल' झालं. रॅकून सिटी या काल्पनिक अमेरिकी शहराबाहेरच्या डोंगरात एक जुना वाडा, त्याच्या पोटात प्रयोगशाळा, तिथून सुटलेला टी-व्हायरस, म्हणजे माणसांचे झोम्बी करणारा विषाणू. हे सगळं अंब्रेला नावाच्या औषध कंपनीचं काम. झोम्बी समोरून अंगावर येतात. कंपनी मात्र टेबलावर पडलेल्या टिपणांतून, पत्रांतून, डायऱ्यांतून हळूहळू कळते. जो कारखाना शहराला औषधं पुरवतो तोच रोग तयार करतो, ही कथा एकदा ठरली की चिन्ह कवटीचं असूच शकत नाही. अशी कंपनी आपल्या दारावर छत्रीच लावणार.

छत्रीमागचा अर्थ फार जुना आहे, आणि तो आपल्याकडे चांगलाच मुरलेला आहे. मुंबईहून लोणावळ्याकडे गेलं की कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपावर लाकडी छत्र आजही उभं दिसतं. बुद्धाच्या स्तूपावर छत्र, राजाच्या डोक्यावर छत्र, देवाच्या पालखीबरोबर छत्र-चामर आणि अब्दागिरी. १६७४ साली रायगडावर महाराजांनी धारण केलं ते छत्रच. ज्याच्यावर छत्र धरलं त्याचा मान, आणि त्याच्या छत्रछायेत जो आला त्याचं रक्षण, असा हा दुहेरी करार आहे. पावसाची छत्री सामान्य माणसाच्या हाती आली ती बऱ्याच उशिरा. १८५२ साली इंग्लंडमध्ये सॅम्युएल फॉक्सने पोलादी काड्यांचा हलका सांगाडा आणला, आणि पुढे आठ काड्यांची छत्री हे तिचं नेहमीचं रूप होऊन बसलं. अंब्रेलाच्या अष्टकोनाचे आठ भाग म्हणजे त्या आठ काड्यांमधलं कापड.

हे चिन्ह नीट बघायचं असेल तर जूनच्या एखाद्या संध्याकाळी दादरच्या पुलावर उभं राहावं. खाली काळ्या छत्र्यांची गर्दी सरकत असते आणि मधे मधे फेरीवाल्यांच्या मोठ्या छत्र्या, दोन रंगांच्या, एक पट्टा असा एक तसा. पुलावरून माणसाचं तोंड दिसत नाही, फक्त कापड दिसतं. अंब्रेलाच्या चिन्हातही हाच कोन निवडलेला आहे. बाजूने काढलेल्या छत्रीत दांडा आला असता, मूठ आली असती आणि ती धरणारा हात आपसूक मनात आला असता. वरून पाहिलेल्या छत्रीखाली कोण आहे ते कळतच नाही. मला या रेखाटनातली सर्वांत हुशार गोष्ट हीच वाटते.

धंद्याने हे प्रतीक कधीच उचललं होतं. अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स विमा कंपनीच्या जाहिरातीत छत्री १८७० सालीच दिसते. पुढे लाल छत्री हीच तिची ओळख झाली. ती ओळख मधल्या काळात सिटीग्रुपकडे गेली आणि २००७ साली ट्रॅव्हलर्सने विकत परत घेतली. एका छत्रीसाठी कंपन्या पैसे मोजतात, कारण लोकांचा भरवसा तिला चिकटलेला असतो. आपल्याकडे त्याच कुळातलं चिन्ह एलआयसीचं: दिव्याच्या ज्योतीभोवती धरलेले दोन हात आणि खाली 'योगक्षेमं वहाम्यहम्'. नरिमन पॉइंटच्या 'योगक्षेम' इमारतीपासून घरातल्या कॅलेंडरपर्यंत ते हात आपण पाहत आलो. असल्या चिन्हाकडे संशयाने बघायची सवय कुणालाच नसते, आणि अंब्रेला नेमकी त्या सवयीवर जगते.

रंगांची गोष्टही तशीच. पांढऱ्यावर लाल म्हटलं की १८६४ च्या जिनिव्हा करारापासूनचा रेड क्रॉस, म्हणजे औषधोपचार. जपानमध्ये लाल-पांढरी जोडी शुभकार्याची; समारंभात त्याच रंगांच्या पट्ट्यांचे पडदे लागतात. चिन्ह काढणाऱ्यांच्या मनात यातलं काय होतं त्यात मी शिरत नाही, पण पाहणाऱ्यापर्यंत दोन्ही पोचतं.

आता जपानी नावाकडे वळू, कारण 'बायोहॅझर्ड' या धोक्याचंही स्वतःचं चिन्ह आहे आणि त्याचा जन्म अगदी उलट विचारातून झाला. १९६६ साली डाऊ केमिकलमध्ये चार्ल्स बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी ते तयार केलं. तोवर प्रत्येक प्रयोगशाळेची खूण वेगळी होती. त्यांना लक्षात राहील, पण आधीपासून कसलाही अर्थ चिकटलेला नसेल अशी आकृती हवी होती. लोकांना दाखवून, चाचण्या घेऊन ती निवडली. तीन बाजूंनी सारखी, म्हणजे डबा कसाही पडला तरी ओळखू यावी. मुंबईच्या रुग्णालयांतल्या पिवळ्या कचरापिशव्यांवर तीच असते. कोऱ्या आकृतीत भीती भरून शास्त्रज्ञांनी माणसं सावध केली. अंब्रेलाने विश्वासाने भरलेली आकृती घेतली आणि माणसं बेसावध केली.

याचा सर्वांत कडू प्रसंग १९९९ च्या तिसऱ्या गेममध्ये आहे. शहर मरत असताना कंपनी आपले भाडोत्री सैनिक मदतीला पाठवते. त्यांच्या गणवेशावर हीच छत्री. त्या सैनिकांतल्या कार्लोससारख्यांना खरंच वाटतं की आपण लोकांना वाचवायला आलोय. निकोलायसारख्या मोजक्यांना ठाऊक असतं की खरं काम कंपनीनेच घडवलेल्या राक्षसांच्या मारामारीची माहिती गोळा करण्याचं आहे, आणि त्या माहितीत मरणारे सहकारीही आले. एकच बिल्ला, घालणारे दोन तऱ्हेचे. या गेमची नवी आवृत्ती ३ एप्रिल २०२० रोजी आली तेव्हा मुंबईतल्या लोकल बंद होत्या आणि लोक खिडकीतून रिकामे रस्ते बघत होते. ज्यांनी त्या दिवसांत तो खेळला, त्यांना रॅकून सिटीचे बॅरिकेड परके वाटले नसतील.

पुढे चिन्हाशी दोन खेळ झाले. २०१७ च्या सातव्या गेमच्या शेवटी पहिल्या गेमचा एक नायक ख्रिस रेडफिल्ड येतो ते निळी छत्री रंगवलेल्या हेलिकॉप्टरमधून. नव्याने उभी राहिलेली अंब्रेला म्हणे जुनी पापं धुणार. रंग बदलला, अष्टकोन तोच ठेवला. खेळणाऱ्याला ती निळी छत्री बघून हायसं वाटत नाही, हे लेखकांचं यश. दुसरा खेळ २०२१ च्या 'व्हिलेज'मधला. त्यात कळतं की संस्थापक ओझवेल स्पेन्सरला हे चिन्ह युरोपातल्या एका खेड्यातल्या गुहेत, तिथली पंथप्रमुख मदर मिरांडा हिच्या सान्निध्यात सापडलं होतं. हा खुलासा मला पटलेला नाही. गुहेतून आलेल्या खुणेला गूढ वलय मिळतं, पण तिचा औषधाच्या बाटलीशी, विम्याच्या कागदाशी, पावसातल्या माणसाशी असलेला संबंध तुटतो. १९९६ ची अंब्रेला एखाद्या कार्यालयात, चार माणसांनी बैठकीत मंजूर केलेलं चिन्ह लावून बसली होती, आणि तीच जास्त भयंकर होती.