सोलापुरात काम सुटलं, तर पैसे कुठून आणि कोणत्या कागदावर मिळतात

"राजीनामा लिहून द्या, उद्या हिशोब करून टाकू." अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की चिंचोळीतलं एखादं युनिट, माणूस कमी करायचा असला की हे वाक्य हमखास कानावर येतं. घरात पैशाची तंगी असते, हिशोब लगेच मिळेल म्हणून सही केली जाते. पुढे मदतीसाठी कुठेही गेलं, तरी पहिला प्रश्न येतो: काम तुम्ही सोडलं की तुम्हाला काढलं? उत्तर त्या सहीनं आधीच देऊन टाकलेलं असतं.

नोकरी गेली म्हणून सरकार सरळ हातात पैसे देईल अशी एकच योजना नाही. आहेत ते वेगवेगळे हक्क. कोणाला काय मिळणार हे पगारातून काय कापलं जात होतं आणि काम सुटण्याचं कारण कागदावर काय लिहिलंय, यावर ठरतं. म्हणून अर्जाच्या मागे धावण्याआधी थोडं थांबा आणि हातात काय आहे ते बघा.

आधी मालकाकडचं येणं

स्वतःहून सोडत नसाल, तर राजीनामा देऊ नका. काढत असतील तर तसं लेखी मागा. लेखी देत नसतील, तर "अमुक तारखेपासून मला कामावर घेतलेलं नाही" एवढं साधं पत्र रजिस्टर पोस्टानं कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. हजेरी कार्ड, पगारपत्रक, पगार जमा झालेल्या बँक खात्याचा उतारा, ओळखपत्र, यांतलं जे असेल त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गेटपास परत घेतात, तेव्हा त्याच्याबरोबर पुरावाही जातो.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे काढलं असो वा राजीनामा दिलेला असो, राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. कामगार कपात असेल आणि सलग एक वर्षाची नोकरी झालेली असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. ही भरपाई फक्त कपातीची असते, राजीनामा दिलेल्याला ती नाही. औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक तरतूद आहे, तिची चर्चा फार होत नाही: कपात झालेल्या कामगारासाठी मालकानं शेवटच्या पगाराच्या हिशोबानं पंधरा दिवसांची रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची, आणि ती कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची.

ग्रॅच्युइटी वेगळी. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाच वर्षं झाली की ती मिळते, आणि राजीनामा दिला म्हणून बुडत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल, तर आता एक वर्षावरही हक्क आहे. हिशोब सोपा आहे: शेवटचा महिन्याचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. पंधरा हजार पगार आणि आठ वर्षं धरली, तर ग्रॅच्युइटी 69 हजारांच्या वर जाते. त्याच माणसाची कपातीची भरपाई साधारण 60 हजार होते. म्हणजे त्या घाईच्या राजीनाम्याची किंमत झाली 60 हजार, वर नोटिशीचा पगार गेला तो वेगळाच.

मालक दाद देत नसेल, तर सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा. कामावरून काढल्याचा वाद दोन वर्षांच्या आत न्यायाधिकरणापर्यंत न्यावा लागतो, त्यामुळे "बघू, मालक परत बोलावतील" म्हणत वर्ष घालवू नका. वकिलाच्या खर्चाची भीती असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

ईएसआय कापत होते? मग बेकारी भत्ता आहे

ही गोष्ट सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असते. पगार 21 हजारांपर्यंत असेल आणि युनिटमध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील, तर पगारातून 0.75 टक्के ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापला जातो. त्याबदल्यात दवाखाना मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. काम गेल्यावर भत्ताही मिळतो, हे फारसं कोणी सांगत नाही.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकार झालेल्या विमाधारकाला रोजच्या सरासरी कमाईच्या 50 टक्के रक्कम जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी मिळते, तीही आयुष्यात एकदाच. त्यासाठी नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमा चालू असावा लागतो. नोकरी गेली त्याच्या लगेच आधीच्या अंशदान काळात किमान 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात तरी 78 दिवस हवेत. एप्रिल ते सप्टेंबर हा एक काळ, ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. गैरवर्तनासाठी काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला हा भत्ता नाही.

सरासरी काढताना मागच्या चार काळांतली सगळी कमाई 730 दिवसांनी भागतात. दोन वर्षं सलग पंधरा हजार मिळाले असतील, तर रोजचे 493 रुपये येतात. त्याचे निम्मे 90 दिवसांसाठी म्हणजे सुमारे 22 हजार. मधे मंदीमुळे दोन-तीन महिने लूम बंद असतील, तर आकडा खाली येतो.

काम सुटून तीस दिवस झाले की दावा करता येतो. ईएसआयसीच्या पोर्टलवर विमा क्रमांकानं लॉगिन करून अर्ज भरायचा, त्याची प्रिंट काढून सही करायची, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडायची आणि ते ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात द्यायचं. मालकाच्या सहीसाठी खेटे घालावे लागत नाहीत, हा या अर्जाचा मोठा फायदा. अडतं ते बहुधा दोन ठिकाणी: आधार विमा क्रमांकाला जोडलेलं नसतं, किंवा मालकानं वर्गणी भरलेलीच नसते. पोर्टलवर वर्गणीचा इतिहास दिसतो, तो आधी तपासा. योजना मुदतीमुदतीनं वाढवली जाते, म्हणून चालू मुदत शाखेत विचारून घ्या.

कारखानाच बंद पडला असेल किंवा रीतसर कपात झाली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना जास्त मोलाची आहे. तिथे पहिल्या वर्षी रोजच्या सरासरी पगाराच्या 50 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 25 टक्के, असा दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो. इथे "कपात" किंवा "कारखाना बंद" हे कारण सिद्ध करावंच लागतं, आणि राजीनाम्याचा कागद इथे तुमच्याच विरुद्ध जातो.

नोकरी गेली म्हणून ईएसआयचं कार्ड त्याच दिवशी बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये 78 दिवस भरले असतील, तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ चालू राहतो. घरात कोणी आजारी असेल तर हे विसरू नका. तो काळ संपल्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. तिच्यात आता उत्पन्नाची अट नाही, आणि छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, तिची चौकशी करता येते.

फंड: सगळ्यात आधी तोच काढू नका

काम सुटलं की सगळे आधी फंडाकडे धावतात. माझं मत उलटं आहे. फंड आपलाच पैसा आहे, तो कुठे जात नाही. आधी वरचे हक्क वसूल करा, भागलंच नाही तर फंडाला हात लावा.

भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं ऑक्टोबर 2025 मध्ये नियम बदलण्याचा निर्णय घेतला: नोकरी गेल्यावर 75 टक्के रक्कम लगेच, उरलेली 25 टक्के बारा महिने बेकार राहिल्यावर. आधी दोन महिन्यांत सगळा फंड निघत असे. पेन्शनचा हिस्सा काढायला दोन महिन्यांऐवजी 36 महिने ठरलेत. त्यामुळे शेजारच्यानं दोन वर्षांपूर्वी कसा काढला, हे ऐकून अर्ज भरू नका. पोर्टलवर तुमच्या खात्याला आज काय दाखवतं ते बघा.

अर्ज यूएएननं, म्हणजे फंडाच्या कायम खाते क्रमांकानं, पोर्टलवर किंवा उमंग अ‍ॅपवर होतो. आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं हवं, मोबाईल आधारशी जोडलेला हवा, आणि नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली हवी. मालक तारीख टाकत नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः टाकता येते. पाच वर्षांच्या आत 50 हजारांहून जास्त काढत असाल आणि उत्पन्न करपात्र नसेल, तर कर कापू नये म्हणून असलेला घोषणा फॉर्म भरा, नाहीतर कर कापून येईल.

सोलापुरात खरी अडचण नावाची होते. तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, कारखान्याच्या रजिस्टरात दुसरं. विडी कामगार बायकांच्या बाबतीत तर फंड माहेरच्या नावानं आणि आधार सासरच्या. 1 ऑक्टोबर 2017 नंतर मिळालेला, आधारवर पडताळलेला यूएएन असेल, तर बरीच दुरुस्ती स्वतः ऑनलाइन होते. जुना असेल, तर संयुक्त घोषणापत्र, म्हणजे तुमचा आणि मालकाचा मिळून दुरुस्तीचा अर्ज, मालकामार्फत द्यावं लागतं. हे काम हातात नोकरी असतानाच उरकलेलं बरं.

पेन्शनसाठीची नोकरी दहा वर्षांच्या जवळ आली असेल, तर तो हिस्सा काढू नका, योजना प्रमाणपत्र घ्या. पुढच्या नोकरीची वर्षं त्यात मिळवता येतात.

काहीच कापत नव्हते, त्यांचं काय

यंत्रमागावरच्या कितीतरी माणसांना ना फंड, ना ईएसआय. त्यांच्यासाठी रोख मदतीचा दरवाजा अरुंद आहे, हे सरळ सांगायला हवं. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं जे ई-श्रम कार्ड, त्यावर नोकरी गेल्याचे पैसे मिळत नाहीत, कोणी शंभर-दोनशे घेऊन "फॉर्म भरतो" म्हणाला तरी. संजय गांधी निराधार योजनाही बेकारांसाठी नाही. पण घरात विधवा, परित्यक्ता किंवा दिव्यांग व्यक्ती असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर तिच्या नावानं अर्ज जरूर करा. मालकाकडचा राहिलेला पगार मात्र कार्ड असो-नसो मागता येतो.

उरतं ते रेशन. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कुटुंबामागे 35 किलो धान्य मोफत मिळतं. प्राधान्य गटासाठी शहरात वार्षिक उत्पन्न 59 हजारांच्या आत हवं, ग्रामीण भागात 44 हजारांच्या. इथेच गोची होते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो, आणि मागच्या वर्षी तर पगार चालू होता. त्यामुळे काम सुटल्या-सुटल्या केलेला अर्ज बहुधा अडतो. नवं आर्थिक वर्ष लागल्यावर नवा दाखला काढून करा. कुंभारी किंवा रे नगरला राहायला गेलेल्यांनी पत्ता आधी बदलून घ्यावा: शहरातल्या कार्डाचं काम अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याकडे, तिकडचं दक्षिण सोलापूर तहसीलच्या पुरवठा शाखेत.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे, इयत्तेप्रमाणे वर्षाला 1,000 ते 25,000 रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो.

फंड कापला पण भरला नाही, असं निघालं तर पगारपत्रक आणि बँकेचा उतारा घेऊन भविष्य निधी कार्यालयात तक्रार करा. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात "निधी आपके निकट" शिबिर असतं, तिथेही अर्ज घेतात. 27 ला सुट्टी आली तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी.