रिओ दे ला प्लाता : पाण्याची, तळाची आणि बेटांची वेगवेगळी वाटणी

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांच्या मधले, पाराना आणि उरुग्वे या नद्यांच्या संगमापासून अटलांटिकपर्यंत सुमारे 290 किलोमीटर पसरलेले रिओ दे ला प्लाताचे नदीमुख समुद्राशी सुमारे 220 किलोमीटर रुंद होते. त्या विस्ताराच्या मानाने त्याची खोली मात्र फारच कमी आहे, कारण पाराना नदी दरवर्षी प्रचंड गाळ आणून टाकते आणि त्यातला बराचसा अँडीजच्या उतारांवरून बेर्मेहो नदीमार्गे आलेला असतो. मोठ्या जहाजांना त्यामुळे खोल पाण्याच्या मोजक्या, अरुंद मार्गांनीच जावे लागते. वरच्या भागात असे मार्ग उरुग्वेच्या किनाऱ्याजवळून जातात, आणि पुढच्या बहुतेक वादांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पोर्तुगिजांनी 1680 मध्ये ब्युनोस आयर्सच्या अगदी समोरच्या तीरावर कोलोनिया देल साक्रामेंतो वसवले. शतकभर हातोहात फिरलेले हे ठाणे 1777 च्या तहाने स्पेनकडे गेले. स्वातंत्र्यानंतर नदीमुखाच्या पूर्व किनाऱ्यासाठी ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात युद्ध पेटले. ब्रिटिश मध्यस्थीने 1828 मध्ये झालेल्या तहाने तो किनारा दोघांनाही न देता तिथे उरुग्वे हे स्वतंत्र राष्ट्र उभे केले. जमिनीचा प्रश्न असा सुटला, परंतु दोन देशांमधल्या पाण्यात सीमा कुठे, हे या तहाने ठरवले नाही आणि ती उणीव जवळजवळ दीडशे वर्षे तशीच राहिली.

तिचे परिणाम विसाव्या शतकाच्या आरंभी उघड झाले. उरुग्वेचा अधिकार किनाऱ्यावरच संपतो आणि पाणी सगळे अर्जेंटिनाचे, अशी भूमिका त्या वेळच्या अर्जेंटिनी परराष्ट्रमंत्र्यांनी मांडली. ‘कोरड्या किनाऱ्याचा सिद्धांत’ म्हणून ती ओळखली जाते. ज्या देशाची राजधानीच या पाण्यावर वसली आहे त्याला पाण्यावर हक्क नाही असे म्हणणे भूगोलाला किंवा न्यायाला धरून नव्हते. 1910 च्या करारपत्राने वाद थंडावला, पण पाण्याची वहिवाट आजवर चालत आली तशीच पुढे चालू राहील, एवढेच त्यात म्हटले होते. ती वहिवाट नेमकी कोणती, याचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावत राहिल्या.

1961 मध्ये दोघांनी मिळून उरुग्वेतील पुंता देल एस्ते ते अर्जेंटिनातील पुंता रासा या रेषेला नदीची बाहेरची हद्द ठरवले. इतक्या रुंद जलाशयाला नदी म्हणावे का, असा आक्षेप अमेरिका आणि ब्रिटनने घेतला. तो गैरलागू नव्हता, कारण उपसागर मानला तर तोंडावर 24 सागरी मैलांपेक्षा लांब रेषा ओढून आतले पाणी आपले म्हणता येत नाही आणि नदी मानली तर ती मर्यादा लागू होत नाही.

19 नोव्हेंबर 1973 रोजी उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओत झालेला आणि फेब्रुवारी 1974 मध्ये अमलात आलेला करार आजही लागू आहे. त्याची कल्पकता अशी की त्याने सगळ्यासाठी एकच सीमा आखली नाही. पाण्यावर प्रत्येक देशाला किनाऱ्यालगतचा पट्टा मिळाला. कोलोनिया ते अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावरील पुंता लारा या रेषेच्या वरच्या बाजूला तो दोन सागरी मैलांचा आहे आणि खालच्या बाजूला सात मैलांचा. मधले पाणी दोघांच्या समाईक वापराचे. हे पट्टे समाईक पाण्यातल्या जलमार्गांच्या कडा ओलांडणार नाहीत आणि बंदरांकडे जाणारे मार्ग त्यांच्या आत राहतील, अशी वळणे सीमेला देण्याची तरतूदही आहे. समाईक पाण्यात प्रत्येक देशाचा अधिकार आपला ध्वज लावलेल्या जहाजांवर चालतो. तळ आणि त्याखालची भूमी यांच्यासाठी मात्र वेगळी रेषा आहे, आणि गाळातून वर येणारी नवी बेटे कोणाची, हे तीच रेषा ठरवते.

या नियमाला मार्तिन गार्सिया बेटाचा अपवाद करावा लागला. जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे हे खडकाळ बेट उरुग्वेच्या किनाऱ्यापासून साडेतीन किलोमीटरवर, म्हणजे रेषेच्या उरुग्वेकडच्या बाजूला आहे. त्याच्या आसपासचे जलमार्ग ज्याच्या माऱ्यात, त्याच्या हाती दोन्ही नद्यांची वाट. म्हणूनच अर्जेंटिनाने त्याचा ताबा सोडला नाही. अर्जेंटिनाच्या चार माजी वा भावी राष्ट्राध्यक्षांना वेगवेगळ्या काळी तिथे कैदेत ठेवण्यात आले होते. करारानुसार बेट अर्जेंटिनाकडेच राहिले, मात्र त्याचा वापर केवळ वनस्पती आणि प्राण्यांच्या अभयारण्यासाठी करण्याची अट घालण्यात आली. शेजारी गाळातून वर आलेल्या तिमोतेओ दोमिंगेस या बेटावरून 1969 मध्ये तणाव वाढला होता. ते उरुग्वेचे ठरले. पुढे दोन्ही बेटे गाळाने जोडली गेली. अशी वेळ येईल हे ओळखून त्याचे कलम करारात आधीच घातलेले होते, त्यामुळे आज या दोन देशांमधली एकमेव भूसीमा तिथे आहे आणि तिच्यावरून भांडण नाही. उरुग्वेने आपल्या दारातल्या बेटावर पाणी सोडले हे खरे, पण त्याच्या बदल्यात पाण्यावरचा त्याचा हक्क पहिल्यांदा निःसंदिग्धपणे मान्य झाला, आणि माझ्या मते ती प्राप्ती अधिक मोलाची होती.

आताचे मतभेद सीमेचे नसून गाळ उपसण्याचे आहेत. समाईक पाण्यात जलमार्ग खोल करायचा असेल तर दुसऱ्या देशाला आधी कळवावे लागते. पाराना नदीवरील बंदरांतून धान्य घेऊन निघालेली जहाजे सध्या माँटेव्हिडिओजवळून समुद्राकडे जातात. त्याऐवजी आपल्या किनाऱ्याच्या बाजूने मागदालेना हा जलमार्ग खोदण्याची मागणी अर्जेंटिनात अनेक वर्षे होत आहे आणि उरुग्वेत तिच्याकडे माँटेव्हिडिओच्या बंदर-व्यवसायावरचे संकट म्हणून पाहिले जाते.