अनुदान नाही म्हणून सरकार आत येऊ शकत नाही? हे खरं नाही

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडं, कुणाचं मतिमंद पोरगं हॉस्टेलवर ठेवायचं म्हटलं की हे ऐकायला मिळतंच बघा, की ट्रस्टची संस्था आहे, सरकारचा एक रुपया घेत नाहीत, मग सरकारला आत बघायचा काय अधिकार. आमच्या घरात बी कितीतरी वर्षं हेच खरं धरून चालले होते.

पण कायदा तसा नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, कलम 50, सरळ सांगतो की दिव्यांगांसाठीची संस्था रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट असल्याशिवाय काढताच येत नाही आणि चालवताही येत नाही, अनुदान असो नाहीतर नसो. आणि हे नवीन पण नाही, 1995 च्या कायद्यात सुद्धा होतं. सर्टिफिकेट सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं, म्हणून पहिल्यांदा गेलात की भिंतीकडं बघा, दिसलं नाही तर विचारा, लाजू नका. अटी मोडल्या तर संस्थेचं म्हणणं ऐकून घेऊन, चौकशी करून ते रद्द करता येतं, आणि मग आतल्या लोकांना आईवडिलांकडं किंवा दुसऱ्या संस्थेत पाठवायचा आदेश सरकार देऊ शकतं, म्हणजे तक्रार केली तर पोरं रस्त्यावर येतील ही भीती नको.

तक्रार बेंगळुरूच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडं करता येते. पालकत्वाचा प्रश्न असेल तर ते वेगळं, त्याला 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखालची जिल्ह्याची कमिटी असते, त्यात डीसी म्हणजे जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो.