निरंकुश म्हणावं तरी कोणाला? लुईचा फ्रान्स आणि युंकरांचा प्रशिया

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये चौदाव्या लुईचा फ्रान्स आणि होहेनझोलर्न घराण्याचा प्रशिया एकाच मथळ्याखाली येतात: निरंकुश राजसत्ता. दोन्हीकडे राजा सर्वेसर्वा, खडं सैन्य, मोठी नोकरशाही. पण एवढ्यावर भागवलं, तर १७८९ साली फ्रान्सचा राजा पैशासाठी अडला आणि प्रशियाच्या राजावर तशी वेळ का आली नाही, हे कळत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याचं पद कोणाच्या मालकीचं होतं, हे पाहावं लागतं.

फ्रान्समध्ये ते बहुधा अधिकाऱ्याच्याच मालकीचं असे. न्यायाधीश, कर अधिकारी, सचिव अशी हजारो पदं राजा रोख घेऊन विकत असे. आधी एक अट होती: पद दुसऱ्याच्या नावे केल्यावर ४० दिवसांच्या आत मूळ धनी वारला, तर व्यवहार रद्द होऊन पद राजाकडे परत. १६०४ साली ‘पोलेत’ नावाचा कर आला. पदाच्या ठरलेल्या किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरला की अट माफ, आणि पद मुलाला मिळायला मोकळं. आपल्याकडचं वतन डोळ्यांसमोर आणलं की हा मामला चटकन लक्षात येतो. पद काढून घ्यायचं तर किंमत परत करायला हवी, आणि मुळात ते विकलं होतं खजिन्यात खडखडाट म्हणून.

याचा फटका बसे तो पॅरिसच्या ‘पार्लमाँ’मध्ये. ही संसद नव्हे, सर्वोच्च न्यायालय. राजाचा हुकूम तिथे नोंदला गेल्याशिवाय तिच्या हद्दीत लागू होत नसे, आणि तिथले न्यायाधीश आपापल्या खुर्चीचे मालक. ते अडून बसले तर राजाने स्वतः दरबार भरवून सक्तीने नोंद करवून घ्यायची. १६७३ साली लुईने ‘आधी नोंद, मग आक्षेप’ असा नियम केला. १७१५ मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी बालराजाचा कारभारी, ओर्लेआँचा ड्यूक, याने पार्लमाँचा जुना हक्क परत देऊन टाकला.

यावर उतारा म्हणून प्रांतोप्रांती ‘अँतांदाँ’ नेमले जात. ते पगारी, राजा हवं तेव्हा परत बोलावू शकेल असे. पण गंमत अशी, की त्यांची निवड बहुतेक ज्या अधिकाऱ्यांतून होई, त्यांनी आपलं मूळ पद विकतच घेतलेलं असे! शिवाय मिठावरच्या करासारखे अप्रत्यक्ष कर मक्त्याने दिलेले, आणि ‘ताय’ या मुख्य करातून सरदारवर्गाला सूट.

प्रशियातला सौदा वेगळा. १६५३ साली होहेनझोलर्न घराण्यातला थोरला इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला जर्मन राजा) फ्रेडरिक विल्हेल्म याने आपल्या ब्रँडेनबुर्ग या मुलुखातल्या जमीनदारांकडून, म्हणजे युंकरांकडून, सहा वर्षांत ५,३०,००० थालर (चांदीची नाणी) मंजूर करून घेतले. बदल्यात त्यांच्या जमिनीवरच्या कुळांवरचा त्यांचा ताबा पक्का केला. पैशातून सैन्य उभं राहिलं, आणि पुढे संमती न विचारता करवसुली करायला तेच सैन्य कामी आलं. किंमत मोजली शेतकऱ्याने.

पुढे त्याचा नातू, राजा फ्रेडरिक विल्हेल्म पहिला, याने १७२३ मध्ये ‘जनरल डिरेक्टोरियम’ या एकाच खात्यात महसूल आणि लष्करी खर्च एकत्र आणले. त्याच्या सूचना वाचण्यासारख्या आहेत: बैठक उन्हाळ्यात सकाळी ७ ला, हिवाळ्यात ८ ला, काम लांबलं तर जेवण तिथेच, अर्धे जेवतील तेव्हा अर्ध्यांनी काम करायचं. नेमणुकीसाठी भरतीनिधीत पैसे भरावे लागत, म्हणजे इथेही हात अगदी स्वच्छ नव्हते. पण पद वारसाने जात नसे. १७३३ च्या कँटन पद्धतीत प्रत्येक पायदळ रेजिमेंटला सुमारे ५,००० उंबऱ्यांचा भरती-मुलूख नेमून दिला. शिपाई कवायतीचे काही महिने सोडले तर गावी शेतावर, आणि तिथला जमीनदारच बऱ्याचदा पलटणीतला अधिकारी. १७४० साली त्याच्या मुलाच्या, म्हणजे दुसऱ्या फ्रेडरिकच्या, हाती आलं सुमारे ८०,००० सैन्य आणि ८० लाख थालरची शिल्लक. त्याच डिसेंबरात तो ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतात घुसला.

यातली खोट अशी, की सगळं यंत्र राजाच्या टेबलाशी बांधलेलं. मंत्री राजाच्या मुक्कामी, पॉट्सडॅमला, कागद पाठवत आणि राजाचे शेरे झेलत. टेबलाशी दुबळा राजा बसला की निर्णयच होत नसत. १८०६ साली येना आणि आउअरश्टेटच्या लढायांत नेपोलियनच्या फौजांनी हे सैन्य एका दिवसात मोडून काढलं.

फ्रान्स अडला तो हिशेबावर. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर, आणि नव्या करांना संमती द्यायचा हक्क फक्त ‘एता जेनेरो’चा, असं पार्लमाँचं म्हणणं. ही वर्गसभा १६१४ नंतर भरलेलीच नव्हती. १७८९ च्या मे महिन्यात ती व्हर्सायला भरली. त्याच ऑगस्टमध्ये क्रांतीने पदविक्री बंद केली, तरी पदधारकांना भरपाई द्यावीच लागली. प्रशियात १६५३ चा सौदा मोडायला १८०७ चा ऑक्टोबर उजाडला, जेव्हा कुळांची वंशपरंपरागत बांधिलकी रद्द करणारं फर्मान निघालं.